पत्त्यांच्या जोडावर एक शिलिंग

श्रावणातल्या सातमला आमच्याकडे पत्ते निघतात. हिचं माहेर ग्वाल्हेरचं, त्यामुळे लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी हिला अजून पटत नाही, की कृष्णजन्माच्या आदल्या दिवशी देवघराला लागून असलेल्या खोलीत तीन पत्ती कशी काय चालते. पण आम्ही चार पिढ्या बडोद्यात, सून अहमदाबादची. गुजरातेत सातम-आठम म्हणजे गार खाणं आणि पत्ते, यात वाद नाही. फक्त २०२४च्या सातमला चिरंजीवांनी जाहीर केलं की मुलासमोर पैशाचा खेळ नको, आणि त्याऐवजी ऑनलाइन मागवलेला एक खोका टेबलावर ठेवला. अमेरिकेतल्या इंग्रजी वसाहतींतल्या बंडखोर पुढाऱ्यांचे पत्ते. नातू सातवीत आहे, त्याला इतिहास आवडतो, असं कारण.

किंमत १,३९९ रुपये. मंगळ बाजारात साधा पत्त्यांचा जोड शंभराच्या आत मिळतो, हे मी त्याच वेळी बोलून दाखवलं होतं. कंपनीचं नाव इथे घालत नाही, कारण माझी तक्रार अजून त्यांच्याकडे पडून आहे आणि मला भांडण वाढवायचं नाही.

मी हा अभिप्राय का लिहितोय तेही सांगतो. एकतीस वर्षं मी परवानाधारक स्टॅम्प व्हेंडर होतो. सूरसागरसमोर न्यायमंदिराच्या आवारात माझं टेबल होतं, वर ताडपत्री, शेजारी नोटरी आणि टायपिस्ट. प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, कुलमुखत्यारपत्र, जे म्हणाल त्याचा कागद. विकलेल्या प्रत्येक कागदाची नोंदवहीत ओळ: क्रमांक, तारीख, घेणाऱ्याचं नाव, कशासाठी, सही किंवा अंगठा. आणि या पत्त्यांतली निम्मी माणसं ज्या कायद्यावरून पेटून उठली, तो कायदा स्टॅम्पपेपरचा. त्यामुळे सामान्य गिऱ्हाइकापेक्षा मी हा संच जरा जास्तच बारकाईनं पाहिला.

खोक्यात ६० पत्ते. ३६ माणसांचे, १४ करांचे आणि कायद्यांचे, १० घटनांचे. शिवाय पुठ्ठ्याच्या चकत्या, ज्या पहिल्याच दिवशी कडेनं सुटायला लागल्या (आम्ही दुसऱ्या दिवसापासून चिंचोके वापरले), आणि बारा पानी नियमपुस्तिका, इतक्या बारीक अक्षरात की माझा चष्मा आणि सुनेचा मोबाइलचा टॉर्च दोन्ही लागले. सगळं इंग्रजीत आहे.

खेळ सोपा आहे. माणसाच्या पत्त्यावर चार गुण, प्रत्येकी दहापैकी: वाणी, लेखणी, पैसा, धाडस. मधल्या गठ्ठ्यातून कराचा पत्ता उलटायचा. तो कर हाणून पाडायला कोणता गुण किती लागेल ते त्यावर छापलेलं असतं. मग आपापल्या हातातली माणसं खाली टाकून सगळ्यांनी मिळून बेरीज जमवायची. जमली नाही तर प्रत्येकानं राजाच्या पेटीत चकत्या भरायच्या. म्हणजे एकमेकांना हरवण्यापेक्षा एकमेकांना पटवणं जास्त. ‘तू हॅनकॉक टाक ना, मी पुढच्या वेळी फ्रँकलिन टाकतो’, असं चालतं. तीन पत्तीत मुरलेल्या घरात हे रुजायला वेळ लागला. सून तर पहिला डाव संपेपर्यंत ब्लाइंड खेळायला मागत होती.

एरवी हा संच सातम झाल्यावर माळ्यावर गेला असता. पण आठमला पाऊस सुरू झाला तो थांबेचना, आणि आमच्या विश्वामित्री नदीनं काय केलं ते बडोदेकरांना वेगळं सांगायला नको. आमचं घर कारेलीबागेत. सत्तावीस तारखेला तळमजल्यात पाणी शिरलं, लाइट गेली, इन्व्हर्टर पण संध्याकाळी बसला. खालच्या मजल्यावरचे वकीलभाई आणि त्यांची बायको वर आमच्याकडे आले. थेपले भरपूर होते, प्यायचं पाणी मोजून होतं, आणि सोसायटीच्या फाटकाशी मगर दिसली म्हणून कोणी खाली उतरत नव्हतं. अशा वेळी माणूस काय करणार? मेणबत्तीच्या उजेडात तीन दिवस आम्ही साम्राज्याविरुद्ध बंड केलं.

त्या रात्रीच स्टॅम्प ॲक्टचा पत्ता उलटला. साल १७६५. नातवानं मागची यादी मोठ्यानं वाचली. वर्तमानपत्रावर कर, पंचांगावर कर, जाहिरातीमागे दोन शिलिंग, कॉलेजच्या पदवीच्या कागदाला दोन पौंड, वकिलीच्या सनदेला दहा पौंड. दहा पौंड ऐकल्यावर वकीलभाई सरसावून बसले. मग शेवटी: फाशांच्या जोडीवर दहा शिलिंग आणि पत्त्यांच्या प्रत्येक जोडावर एक शिलिंग. नातू थांबला, हातातल्या पत्त्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, “आबा, म्हणजे आपण आत्ता खेळतोय त्यावर?” सगळे हसले. हा पत्ता ज्यानं लिहिला त्याला माझ्याकडून पूर्ण गुण. शाळेच्या पुस्तकात ‘करवाढ’ असा एक शब्द येतो आणि पोरं तो पाठ करून विसरतात. इथे कर हातात आला.

पण पत्त्यावर एक गोष्ट राहून गेली आहे, आणि ती माझ्यासारख्याच्याच लक्षात येईल. नुसता पैसा भरून भागत नव्हतं. छाप मारलेला कागद लंडनहून यायचा होता, पैसे इंग्लंडच्या नाण्याच्या हिशोबानं भरायचे होते, आणि कायदा मोडला तर खटला ॲडमिरल्टीच्या कोर्टात, म्हणजे जिथे ज्यूरी नाही. वकीलभाईंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “काका, रकमेचा वांधो नाही, पण विचारल्याशिवाय कोणी लावला, हाच सगळा वांधो.” बरोबर आहे. वसाहतींतला एकही माणूस लंडनच्या पार्लमेंटात बसत नव्हता. पुढच्या वर्षी, १७६६ला, कायदा मागे घेतला तेव्हासुद्धा पार्लमेंटनं लगेच दुसरा ठराव करून ठेवला की वसाहतींसाठी वाटेल तो कायदा करायचा अधिकार आमचाच. तो ठराव या संचात घटना म्हणून आहे, आणि तो उलटला की सगळ्यांच्या जिंकलेल्या पत्त्यांतला एकेक परत गठ्ठ्यात जातो. खेळ बनवणाऱ्यानं इथे डोकं लावलंय.

आता माणसं. सॅम्युएल ॲडम्सचा पत्ता सगळ्यात जोरदार. लेखणी ९, धाडस ८, पैसा १. चित्रात हातात बिअरचा मग दिलाय, ते चूक. त्याच्या वडिलांचा माल्ट करायचा धंदा होता, म्हणजे जवाला मोड आणून वाळवून विकायचं, आणि तोही या गृहस्थानं बुडवला. खरी मजेची गोष्ट पत्त्यावर नाहीच: हा माणूस १७५६ पासून १७६५ पर्यंत बोस्टन गावाचा कर गोळा करणारा होता, आणि त्याच्या खात्यावर आठ हजार पौंडांच्या वर बाकी निघत होती. वसुलीला गेला की लोकांची अडचण ऐकून परत यायचा म्हणतात. असा वसुली कारकून लोकप्रिय न होईल तर काय! हे छापलं असतं तर पत्ता आणखी रंगला असता. आणि पुढचं तर मुळीच छापणार नाहीत: स्वातंत्र्यानंतर १७८६ला मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी कर आणि कोर्टाच्या जप्त्यांविरुद्ध उठले, तेव्हा हेच ॲडम्ससाहेब म्हणाले की राजाविरुद्धचं बंड एक वेळ माफ करता येईल, पण प्रजासत्ताकाच्या कायद्याविरुद्ध उठणाऱ्याला मरणच हवं.

जॉन हॅनकॉकला पैसा १०, रास्तच आहे. काकांची सगळी पेढी त्याला मिळाली होती. १७६८ला त्याचं ‘लिबर्टी’ जहाज मदिरेवरच्या जकातीवरून जप्त झालं तेव्हा बंदरावर दंगल उसळली. पॅट्रिक हेन्रीला वाणी १०. पत्त्यावर त्याचं ते स्वातंत्र्य किंवा मरणाचं वाक्य मोठ्या अक्षरात, अवतरणचिन्हात. माझा इथे आक्षेप आहे. भाषण १७७५चं. हेन्री वारला १७९९ला. भाषणाचा तो मजकूर पहिल्यांदा छापून आला १८१७ला, ऐकणाऱ्यांच्या आठवणीवरून जुळवून. हेन्रीच्या स्वतःच्या हातची प्रत नाही. बेचाळीस वर्षांनी साक्षीदाराच्या आठवणीवरून केलेला दस्त आमच्या रजिस्ट्रारनं उभा पण केला नसता. वाक्य असेल त्याचंच, नाही असं मी म्हणत नाही. फक्त अवतरणचिन्ह नको होतं. बाकी हेन्री गुलाम बाळगून होता हे पत्त्यावर एका ओळीत दिलंय, तेवढा प्रामाणिकपणा दिसतो.

जेम्स ओटिसवर मात्र अन्याय झालाय. वाणी फक्त ६! १७६१ला बोस्टनच्या कोर्टात झडतीच्या सरसकट वॉरंटांविरुद्ध तो सुमारे पाच तास बोलला. जकातवाल्यांनी वाटेल त्याच्या घरात-गोदामात घुसावं, वॉरंटावर ना घराचं नाव ना मालाचं, असला तो कागद. तरणा जॉन ॲडम्स तिथे बसून ऐकत होता आणि म्हातारपणी त्यानं लिहून ठेवलं की स्वातंत्र्याचं पोर तिथेच जन्मलं. ओटिस खटला हरला. १७६९ला एका कॉफीघरात जकातीच्या अधिकाऱ्याशी झालेल्या मारामारीत डोक्याला मार बसला, त्यानंतर डोकं ठिकाणावर राहिलं नाही, आणि १७८३ला दारात उभा असताना अंगावर वीज पडून गेला. नातवानं हे वाचलं तेव्हा बाहेर नेमकी वीज चमकत होती, आणि पोरगं उठून खिडकीपासून लांब बसलं. त्याची बहीण मर्सी ओटिस वॉरन. राजानं नेमलेल्या गव्हर्नरची खिल्ली उडवणारी नाटकं लिहिली तिनं, नंतर त्या क्रांतीचा तीन खंडांचा इतिहास. तिचा पत्ता नाही. ३६ माणसांत बाई एकही नाही. हे सुनेनं दुसऱ्याच डावात पकडलं. चहा सोडणाऱ्या, चरख्यावर सूत काढून विलायती कापड बंद करणाऱ्या बायकांवर घटनांमध्येसुद्धा एक पत्ता निघाला नाही? गुजरातेत बसून सूतकताईचं महत्त्व कोणी सांगायची गरज नाही.

चहाच्या पत्त्यावर सरळ चूक आहे. १६ डिसेंबर १७७३, डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर ही तीन जहाजं, चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात फेकल्या, हे सगळं बरोबर. पण चित्रातल्या पेटीवर भारतीय चहा म्हणून हत्ती काढलाय. तो चहा चीनचा होता. आपल्याकडचे मळे पुढच्या शतकातले. कंपनी मात्र तीच, आपली ओळखीची ईस्ट इंडिया. बंगालचा दुष्काळ, कंपनीची बुडती उलाढाल, लंडनच्या गोदामात साचलेला माल, आणि तो खपावा म्हणून केलेला १७७३चा कायदा. गंमत म्हणजे त्या कायद्यानं तिथे चहा स्वस्त होणार होता. पौंडभर चहामागे तीन पेनी जकात तेवढी ठेवली होती, आणि ती तीन पेनीच घशाखाली उतरेना. हिनं विचारलं, “स्वस्त चहा कोणी समुद्रात टाकतं का?” मी म्हटलं, आपल्या घरात पाण्याचे जार मोजून चाललेत, तू आत्ता चहाचा विषय काढू नकोस.

वकीलभाईंना लढायांचा नाद. लेक्सिंग्टनचा, म्हणजे त्या युद्धातल्या पहिल्या चकमकीचा पत्ता आला, १९ एप्रिल १७७५, तेव्हा ते म्हणाले की अडास आठवतं का? मला आठवत होतं. आणंदजवळचं अडास, इथून रेल्वेनं तासाभरात. तिथे १८ मे १७७५ला, म्हणजे लेक्सिंग्टननंतर महिन्याभरात, त्याच कंपनीची फौज कर्नल कीटिंगच्या हाताखाली राघोबादादांच्या बाजूनं हरिपंत फडक्यांशी लढली. गायकवाडांत एक भाऊ राघोबांकडे, एक पुणेकरांकडे. पुढे १७८१ला यॉर्कटाऊनला बंडखोरांना शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्यात उतरला. तो या संचात शेवटचा पत्ता आहे. तो निघाला की खेळ संपला आणि तुम्ही जिंकलात. वकीलभाई म्हणाले, “तिकडे खेळ संपला, इकडे बदली झाली.”

आता ज्या पत्त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो तो. माणसांच्या ३६ पत्त्यांत सहा काळ्या किनारीचे आहेत, राजाच्या बाजूचे. ते हातात आले तर बेरजेतून वजा होतात. त्यातला एक अँड्र्यू ऑलिव्हर. वाणी २, लेखणी ३, पैसा ७, धाडस १. खाली लिहिलंय: मॅसॅच्युसेट्सचा स्टॅम्प वाटणारा. म्हणजे आमच्याच धंद्यातला! मी पत्ता हातात घेऊन बराच वेळ बसलो, नातू ओरडत होता की आबा टाका.

१४ ऑगस्ट १७६५ला सकाळी बोस्टनमध्ये एका एल्मच्या झाडाला त्याचा पुतळा टांगलेला सापडला. संध्याकाळी गर्दीनं तो मिरवत नेला, बंदरावरची त्याची नवीन इमारत स्टॅम्पचं ऑफिस समजून जमीनदोस्त केली, मग घराच्या काचा फोडल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं जागा सोडतो म्हणून सांगितलं. तोपर्यंत लंडनहून एकही छापील कागद आलेला नव्हता! डिसेंबरात त्याला पुन्हा त्याच झाडाखाली उभं करून चारचौघांत शपथ घ्यायला लावली. बाकीच्या वसाहतींतल्या वाटणाऱ्यांनीही पटापट राजीनामे दिले, आणि १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा कागद विकायला जवळपास कोणी शिल्लकच नव्हतं. कायदा हाणून पाडला तो भाषणांनी खरा, पण त्यापेक्षा जास्त या रिकाम्या टेबलांनी.

मी काही ऑलिव्हरचा वकील नाही. श्रीमंत माणूस, गव्हर्नरच्या माणसांत ऊठबस, पगार आणि कमिशनच्या आशेनं जागा घेतलेली. पण न विकलेल्या कागदाबद्दल ज्याचं घर फुटलं त्याला धाडस १ द्यायचं म्हणजे काय? शिवाय बेंजामिन फ्रँकलिननं सुरुवातीला हा कायदा पचवून घेऊन आपल्या एका मित्राला पेनसिल्व्हेनियाची हीच जागा मिळवून दिली होती. तो सोनेरी किनारीत, ऑलिव्हर काळ्या. वकीलभाई म्हणाले, काका, तुम्ही मनाला लावून घेताय. असेल. १ ऑक्टोबर २०१९ पासून गुजरातेत स्टॅम्पपेपरची विक्री बंद झाली, सगळं ई-स्टॅम्पिंग. आमच्या टेबलावर कोणी दगड मारला नाही, परिपत्रक आलं. त्याआधीच कोर्ट दिवाळीपुऱ्याच्या नव्या इमारतीत गेलं होतं, तेव्हा ताडपत्रीखाली तसंही गिऱ्हाईक उरलं नव्हतं. इंग्रज गेले, त्यांचा १८९९चा स्टॅम्प ॲक्ट अजून आहे, फक्त कागद गेला.

टिकाऊपणाचं सांगायला हवं, कारण अशी परीक्षा कोणी मुद्दाम घेणार नाही. पहिल्या दिवशी घाईत सामान वर आणताना खोका खालच्या जिन्यावर राहिला होता आणि त्यात पाणी गेलं. खोका गेला, लगदा झाला. नियमपुस्तिका चिकटली. पत्ते मात्र पुसून, वर्तमानपत्रात दाबून ठेवल्यावर वापरता आले. शाई जरा सुद्धा फुटली नाही. थोडे वाकले आहेत, वाटताना घसरत नाहीत. छपाईला पाचपैकी पाच.

तक्रार वेगळी आहे. आमच्या संचात हॅनकॉक दोन आले आणि जॉन डिकिन्सन आलाच नाही. तुम्ही म्हणाल, एका पत्त्यानं काय होतं? डिकिन्सन म्हणजे या सगळ्या वादाचा हिशोबनीस. व्यापाराला वळण लावायला जकात वेगळी आणि तिजोरी भरायला लावलेला कर वेगळा, हे त्यानं १७६७-६८मध्ये शेतकऱ्याच्या नावानं बारा पत्रं लिहून घरोघरी पोचवलं. नंतर स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करायला नको म्हणाला, आणि तरी बंदूक घेऊन लढायला गेला. नियमपुस्तिकेप्रमाणे त्याची लेखणी १०. तो नसेल तर टाउनशेंडच्या, म्हणजे पार्लमेंटनं १७६७ला लावलेल्या जकातींचा पत्ता पाडताच येत नाही, मी बेरीज करून पाहिली. मेल केला, नऊ दिवसांनी उत्तर आलं: खोक्याचा फोटो पाठवा. खोका विश्वामित्रीनं नेला असं कळवलं. पुन्हा उत्तर: खोक्याच्या फोटोशिवाय बदली पत्ता मिळणार नाही.

तर पाचपैकी साडेतीन तारे. दहा वर्षांच्या वरचं पोर घरात असेल आणि शेजारी भांडायला वकील असेल तर घ्या. चार जणांखाली मजा नाही. सवलतीत हजाराच्या आत मिळाला तर जास्त बरं.

डिकिन्सनची सोय नातवानं केली आहे. माझ्या टेबलाच्या खणात जुनी व्हिजिटिंग कार्डं पडली होती, त्यातल्या एकाच्या कोऱ्या बाजूवर त्यानं टोपीवाला डिकिन्सन काढला आणि लेखणी १० लिहिलं. मागच्या बाजूला अजून ‘परवानाधारक मुद्रांक विक्रेता, न्यायमंदिर’ छापलेलं आहे. त्यामुळे डिकिन्सन कोणाच्या हातात आहे ते समोरच्याला लगेच दिसतं, आणि ही दर वेळी म्हणते की हा पत्ता खुणेचा आहे, बाद करा.